टनाला तीनशे

दिनांक १८ डिसेंबर २०००, सोमवार. वेळ दुपारी १२ वाजून ४० मिनिटे.

नाव गोरक्ष किसन देवरे, वय ४४ वर्षे, शिक्षण बी.कॉम., धंदा स्वतःच्या मालकीच्या ट्रकवर स्वतः चालक, राहणार गंगापूर रोडच्या मागील बाजूस, भाड्याची खोली, नाशिक.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून जबाब लिहून देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी सविता व मुलगी वैष्णवी यांच्यासह राहतो. १९९६ सालापर्यंत मी सातपूर येथील एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात कारकून होतो. कारखाना बंद झाला. मिळालेल्या रकमेत कर्ज घालून मी नऊ टन माल नेणारी एक जुनी सहाचाकी गाडी घेतली. ती मी एकटाच चालवतो. क्लीनर ठेवलेला नाही. गाडीचा रोजचा खर्च, मिळालेले भाडे आणि त्या दिवशी घडलेले मी डायरीत लिहितो. ही सवय कारखान्यापासूनची आहे. या जबाबातील तारखा व आकडे मी डायरीवरून सांगत आहे. डायरी सोबत आणली आहे.

यातील आरोपी हिरामण जयराम सांगळे, वय सुमारे ५२, राहणार निफाड तालुका, यांना मी गाडी घेतल्यापासून ओळखतो. त्यांचीही एकच गाडी होती. मी त्यांना आबा म्हणतो. मी या धंद्यात नवखा असताना ताडपत्रीवर रस्सी कशी आवळायची, घाटात गाडी कोणत्या गिअरवर सोडायची, हे त्यांनी मला शिकवले. पहिल्या दिवशी लासलगावच्या अड्ड्यावरील फळ्यावर माझा नंबर लावून घेत नव्हते, तोही त्यांनीच लावून दिला. हा मजकूर गुन्ह्याशी संबंधित नाही असे मला सांगण्यात आले. तरी तो लिहावा अशी माझी विनंती आहे.

दोन वर्षांपासून आबांना साखरेच्या आजारामुळे नीट दिसत नाही. तेव्हापासून त्यांच्या गाडीवर नाथा नावाचा पगारी ड्रायव्हर आहे.

लासलगावला कांद्याच्या लिलावानंतर गाड्या भरण्याची जी पद्धत आहे ती सांगितल्याशिवाय पुढील गोष्ट कळणार नाही. एकेकच गाडी असलेले आम्ही पंचवीस-तीस मालक तिथे उभे राहतो. जो ज्या क्रमाने पोहोचेल त्या क्रमाने फळ्यावर खडूने गाडीचा नंबर लागतो. ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस बाहेर येऊन कुठे जायचे ते आणि टनाचा भाव पुकारतो. पहिला हक्क पहिल्या नंबरचा. त्याला भाव पटला नाही तर तो नाही म्हणतो. पहिल्याने नाकारलेला भाव मागच्या कोणीही त्या दिवशी उचलायचा नाही. मग ट्रान्सपोर्टवाल्याला भाव वाढवून पुन्हा पुकारावे लागते, नाहीतर माल पडून राहतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो कोणी मोडलेला मी चार वर्षांत पाहिला नव्हता.

सप्टेंबर अखेरीस डिझेल वाढले. तोपर्यंत लासलगाव ते वाशी टनाला तीनशे ऐंशी रुपये मिळत होते. आम्ही सर्वांनी चारशे चाळीस मागायचे ठरवले. त्याबाबत लखनशेठ यांच्याशी बोलायला मी आणि आबा यांना पाठवण्यात आले. लखनशेठ यांचे तिथे ट्रान्सपोर्टचे ऑफिस आहे व बहुतेक माल तेच लावतात. मला पाठवण्याचे कारण मी शिकलेला आहे असे होते. अड्ड्यावर मला बीकॉम म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात की कसे, याचा मी पूर्वी विचार केलेला आहे. उत्तर नक्की नाही.

आदल्या दिवशी म्हणजे ११ ऑक्टोबरला मी डायरीच्या एका पानावर एका फेरीचा खर्च मांडला. तो असा. डिझेल एकोणीसशे. टायरची झीज चारशे सत्तर. ऑईल, ग्रीस, दुरुस्ती तीनशे तीस. कर्जाचा हप्ता, फेरीच्या वाट्याने आठशे. विमा, टॅक्स, परमिट दोनशे. टोल साठ. रस्त्यात सोडावे लागणारे शंभर. एकूण तीन हजार आठशे साठ. यातील शेवटच्या शंभर रुपयांबाबत विचारले असता सांगतो की, ते कोणाला सोडावे लागतात हे डायरीत लिहिलेले नाही. परतीचे भाडे कधी मिळते, कधी मिळत नाही. मागील तीस फेऱ्यांची सरासरी काढली, ती अकराशे साठ आली. ती वजा केली. उरले दोन हजार सातशे. नऊ टनांनी भागले. टनाला तीनशे.

मी हे मांडत असताना पत्नी सविता हिने पान पाहिले व विचारले, “यात तुमचं काय धरलंय?”

मी म्हणालो, “उरेल ते आपलंच.”

तिने पान माझ्याकडे सरकवले. तिने तेव्हा जास्त विचारले असते तर बरे झाले असते, असे मी मध्यंतरी डायरीत लिहिले होते. नंतर ते खोडले. ती विचारून मोकळी झाली होती.

दिनांक १२ ऑक्टोबर रोजी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोघे लखनशेठ यांच्या ऑफिसात गेलो. आत जाण्यापूर्वी पायरीवर आबा मला म्हणाले, “गोरखभाऊ, डायरी काढू नको. तोंडानं बोल. चारशे चाळीस म्हन आन् गप बस. लय घासाघीस झाली तर मी हाय.”

मी त्यांना म्हणालो, “आबा, नुसतं मागून कोण देतं? हिशेब दाखवला की माणूस ऐकतो.”

आबा म्हणाले, “तू कारखान्यात व्हता. हे लासलगाव हे.”

लखनशेठ यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या व चहा मागवला. मी डिझेलची वाढ समजावून सांगितली. त्यांनी “हिशेब काही केलाय का?” असे विचारले. मी डायरी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. डायरी त्यांनी मागितली नव्हती. मी ठेवली. तीनशेच्या खाली आमच्या पदरचे जातात, एवढे दाखवून द्यायचे आणि त्यावर नफा म्हणून चारशे चाळीस मागायचे, असा माझा विचार होता. लखनशेठ यांनी पान दोनदा वाचले. ते म्हणाले, “देवरे, तुमच्यासारखा माणूस या लाइनीत दुसरा नाही. बाकीचे नुसते ओरडतात. झेरॉक्स काढू का? म्हणजे व्यापाऱ्यांना दाखवता येईल.”

मी हो म्हणालो. मला त्या वेळी बरे वाटले होते. हे डायरीत तसेच लिहिलेले आहे. आबा चहा न संपवता उठले.

बाहेर आल्यावर आबा एवढेच म्हणाले, “आता त्यो आकडा त्याचा झाला.”

दिनांक १६ ऑक्टोबर, सोमवार. त्या दिवशी फळ्यावर आबांच्या गाडीचा पहिला नंबर होता, माझा चौथा. साडेअकरा वाजता लखनशेठ यांचा माणूस बाहेर आला आणि त्याने वाशी टनाला तीनशे पंचवीस असे पुकारले. लोकांनी ओरडा केला. त्या माणसाने खिशातून कागद काढून वर धरला व म्हणाला, “ओरडता काय? तुमच्याच बीकॉमनं लिहून दिलंय. तीनशे खर्च. शेठ वर पंचवीस देतायत, ते घ्या आणि गप भरा.”

आबा म्हणाले, “नाय जमत.”

दुसरा व तिसरा नंबर, दोघे गप्प राहिले. नियमाप्रमाणे त्यांनी गप्पच राहायचे होते. त्या माणसाने माझ्याकडे पाहून विचारले, “काय देवरे? तुमचा हिशेब चुकला का मग?”

मी म्हणालो, “हिशेब चुकलेला नाही.”

“मग लावा गाडी.”

मी गाडी लावली.

मी असे का केले, हे विचारण्यात आलेले नाही. तरी सांगतो. माझ्या पानाप्रमाणे तीनशे पंचवीस भाव धरला तर फेरीला दोनशे पंचवीस रुपये उरत होते. तो भाव मला तोट्याचा नव्हता. तोट्याचा नसलेला भाव तोट्याचा आहे असे चारचौघांत म्हणणे मला खोटे वाटले. दुसरे असे की, हिशेब चुकला असे मला त्या माणसापुढे म्हणवले नाही. यातील कोणते कारण मोठे होते ते मी दोन महिने लिहून पाहिले. अजून ठरलेले नाही. तिसरे कारण असे की, वैष्णवीची फी त्या आठवड्यात भरायची होती. ती भरली.

गाडी भरत असताना तिसऱ्या नंबरचा मालक माझ्या दारापाशी येऊन म्हणाला, “भाऊ, जरा जपून जा. आज तू एकटाच नाय भरला, आमाला बी भरून टाकलं.” तो हसत म्हणाला. आजूबाजूचे हसले नाहीत.

त्यानंतर भाव तीनशे पंचवीसच राहिला. आबांनी नऊ दिवस गाडी उभी ठेवली. रोज पहिल्या नंबरला उभे राहून ते नाही म्हणत, आणि रोज मागचा कोणीतरी गाडी लावत असे. त्या नऊ दिवसांपैकी चार दिवस तो मी होतो. दिनांक २६ ऑक्टोबरला आबांनीही गाडी लावली. त्या दिवसापासून अड्ड्यावर माझ्याशी कोणी बोलत नाही. माझ्या रस्सीला दोनदा चाकू लावलेला आढळला. एकदा फळ्यावर माझ्या नंबराऐवजी ‘झेरॉक्स’ असे लिहिले होते. मी तो शब्द पुसून माझा नंबर लिहिला. याबाबत मी तक्रार केली नाही, कारण कोणी केले ते मी पाहिलेले नाही.

दिनांक १६ डिसेंबरपर्यंत मी त्या भावाने बावीस फेऱ्या केल्या. दिनांक १४ डिसेंबर रोजी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी आबांची गाडी हप्ते थकल्यामुळे ओढून नेली, असे मी दुसऱ्या दिवशी ऐकले. त्यांच्याकडे जायचे मी ठरवले. गेलो नाही.

आज रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास मी घरासमोरील मोकळ्या प्लॉटवर, जिथे माझी गाडी उभी असते तिथे, लासलगावला निघण्याच्या तयारीत होतो. गाडी रिकामी होती. रोजच्या सवयीप्रमाणे मी लोखंडी टामीने सहाही टायर ठोकून हवा पाहिली आणि टामी पुढच्या बंपरवर ठेवली. मी वर केबिनमध्ये बसून इंजिन गरम करत होतो. तेव्हा आबा समोरून चालत आले. ते पहिल्या एस.टी.ने आले असावेत. त्यांच्या हातात घडी केलेला एक कागद होता. दुसरे काहीही नव्हते. विचारल्यावरून पुन्हा सांगतो की, ते येताना हत्यार घेऊन आलेले नव्हते. टामी माझी आहे.

आबा म्हणाले, “गोरखभाऊ, खाली उतर.”

मी उतरलो नाही. काच खाली करून म्हणालो, “बोला. मला नंबर लावायचाय.”

आबा म्हणाले, “नंबर! आता लावच नंबर. पुढं मी नसंल उभा, तुला बरंच हाय.” मग त्यांनी कागद उघडून माझ्यापुढे धरला. ती माझ्या पानाची झेरॉक्स होती. ती त्यांच्याकडे कशी आली ते मला माहीत नाही. ते म्हणाले, “मला ह्ये बारीक दिसत नाय. नाथानं वाचून दावलं. तीनदा वाचायला लावलं त्याला. डिझेल हाय. टायर हाय. हप्ता हाय. ग्रीस सुदिक हाय. ड्रायव्हर कुठं हाय रं? गाडी काय तुझी डायरी हाकते?”

मी म्हणालो, “मी स्वतः हाकतो.”

“मंग तुझी मजुरी कुठं हाय?”

मी घड्याळात पाहिले.

“आख्ख्या लासलगावाला तू फुकट गाडी हाकायला लावली, बीकॉम. तू हाकतो फुकट, तुझी मर्जी. माझा नाथा फुकट हाकल का? त्याची पोरं काय झेरॉक्स खात्याल?”

यावर मी जे बोललो ते जबाबात घेण्याची गरज नाही असे मला सांगण्यात आले. मला ते घ्यावेसे वाटते. मी म्हणालो, “तुझ्या गाडीला ड्रायव्हर लागतो, तुला दिसत नाही, हा माझा दोष नाही.” मी हे मोठ्याने बोललो. चार वर्षांत त्यांना एकेरी बोलण्याची ही माझी पहिली वेळ होती.

त्यानंतर आबांनी बंपरवरील टामी उचलली आणि समोरच्या काचेवर दोन वेळा मारली. दुसऱ्या वेळी मी दार उघडून खाली आलो व डावा हात मध्ये घातला. टामी माझ्या मनगटाच्या वर लागली. आबा थांबले नाहीत. त्यांनी तिसरा फटका चालकाच्या बाजूच्या आरशावर व चौथा काचेच्या चौकटीवर मारला. त्यांना चौकट नीट दिसत होती की नाही हे मला सांगता येणार नाही. मी मागे सरलो आणि पडलो. पडलो तो त्यांच्या धक्क्याने की फुटलेल्या काचेवरून पाय घसरल्याने, हेही नक्की सांगता येणार नाही.

त्यांनी मला जिवे मारण्याच्या उद्देशाने मारहाण केली असे लिहायचे का, असे मला विचारण्यात आले. लिहू नये. ते काचेला मारत होते. हात मी घातला. परंतु माझा हात मध्ये आहे हे कळल्यावरही त्यांनी मारणे थांबवले नाही, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही लिहावे.

शेजारी चहाची गाडी लावणाऱ्या पुतळाबाई धावत आल्या व त्यांनी टामी काढून घेतली. त्या म्हणाल्या, “अहो, दोघं बी पिकल्या केसांचे, आन् सकाळच्या पारी रस्त्यात लाज आणता का? पोरं शाळेला चालली!” आबा म्हणाले, “मावशी, तुम्ही बाजूला व्हा. याला घरी बसवायचा हे. चार दिस बसला की कळंल.” त्यानंतर ते तिथेच प्लॉटच्या कठड्यावर बसून राहिले. पळून गेले नाहीत. पोलीस येईपर्यंत ते तिथेच होते. झेरॉक्सचा कागद त्यांनी पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

माझ्या हातावर सरकारी दवाखान्यात तीन टाके पडले. केसपेपर सोबत जोडला आहे.

लखनशेठ यांच्याविरुद्धही माझी तक्रार घ्यावी, अशी मी मागणी केली. कागदाची झेरॉक्स काढणे व भाव कमी पुकारणे हा गुन्हा होत नाही, शिवाय झेरॉक्सला माझी संमती होती, असे मला सांगण्यात आले. संमती होती हे खरे आहे. त्यामुळे ती मागणी मी सोडून देतो. त्यांच्याविषयी माझे मत बदललेले नाही.

नुकसानीबाबत विचारले असता सांगतो की, समोरची काच बसवण्यासह एकोणीसशे रुपये. आरसा एकशे ऐंशी. काचेची चौकट वाकली असून ती सरळ करणे व वेल्डिंग सहाशे. दवाखान्याला जाण्यायेण्याची रिक्षा चाळीस. गॅरेजवाल्याने गाडीला चार दिवस लागतील असे सांगितले आहे. चार दिवसांत माझ्या दोन फेऱ्या होतात.

हवालदारांनी विचारले, “दोन फेऱ्यांचं नुकसान किती धरायचं?”

मी म्हणालो, “फेरीला उरणारे दोनशे पंचवीस. दोन फेऱ्यांचे चारशे पन्नास. हप्ता, विमा, टॅक्स यांचा वाटा वेगळा, कारण गाडी उभी असली तरी ते द्यावे लागतात.”

हवालदार म्हणाले, “आणि तुमचा रोज? गाडी चालवायचे तुम्ही काय घेता?”

मी काही घेत नाही असे सांगितले.

हवालदार म्हणाले, “देवरे, गवंड्याचा हात मोडला तरी आम्ही त्याचा रोज लिहितो. रकाना आहे. काय लिहू? शून्य?”

मी विचार करायला वेळ मागितला. तो मला देण्यात आला. मी डायरीतील ११ ऑक्टोबरचे पान काढले. त्या पानावर शेवटच्या ओळीनंतर जागा होती.

मी सांगतो की, या मार्गावर पगारी ड्रायव्हरला पगार व भत्ता मिळून फेरीला साडेचारशे रुपये पडतात. नाथाला तेवढेच मिळत होते. हे मला दोन वर्षांपासून माहीत होते. माझा रोज त्या दराने लिहावा, म्हणजे चार दिवसांचे नऊशे रुपये. मात्र हा आकडा धरल्यावर वर सांगितलेले फेरीला उरणारे दोनशे पंचवीस लिहिता येत नाहीत, कारण ते उरत नव्हते. ती माझ्या मजुरीतली अर्धी मजुरी होती. म्हणून ते चारशे पन्नास काढून टाकावेत. याच दराने एका फेरीचा खर्च तीन हजार आठशे साठ नसून चार हजार तीनशे दहा होतो, आणि परतीचे भाडे वजा जाता टनाला तीनशे नसून तीनशे पन्नास होतात. दिनांक १६ ऑक्टोबर रोजी पुकारलेला तीनशे पंचवीस हा भाव तोट्याचा होता. आबांना फेरीला दोनशे पंचवीसचा तोटा होता. मला उरत होते असे मी म्हणत होतो तो आकडाही दोनशे पंचवीसच होता. फळ्यावर पाहून मी डायरीत नोंदवल्याप्रमाणे आबांनी त्या भावाने सतरा फेऱ्या केल्या. म्हणजे तीन हजार आठशे पंचवीस, आणि त्याआधीचे नऊ दिवस.

यापूर्वी मी या जबाबात तो भाव मला तोट्याचा नव्हता असे सांगितले आहे. ते वाक्य खोडायचे का, असे विचारण्यात आले. खोडू नये. ज्या दिवशी गाडी लावली त्या दिवशी मी तसेच मानत होतो.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी आबा दाराबाहेरच्या बाकावर बसलेले होते व वाचलेले त्यांना ऐकू जात होते. तीनशे पन्नासच्या ठिकाणी ते उठून दारात आले. त्यांना बसायला सांगण्यात आले. ते बसले नाहीत.

ते म्हणाले, “साहेब, एवढं पुन्यांदा वाचा.”

हवालदारांनी ते वाक्य पुन्हा वाचले.

आबा म्हणाले, “म्हंजी मी नाय म्हनलो ते बराबर व्हतं.”

हवालदार माझ्याकडे पाहू लागले. मी हो म्हणालो.

आबा म्हणाले, “दोन म्हयने मला रोज फळ्यापुढं उभं केलं यानं. सगळी म्हनायची, म्हातारा आडमुठा हे, शिकलेल्या मानसाला हिशेब कळत नाय का? आन् आज लिव्हतोय. कुठं, तर पोलिसात. काच फुटली तवा.” मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “काच बसंल तुझी चार दिसात. ती झेरॉक्स लासलगावात घरोघर गेली, बीकॉम. ह्या कागदाची काढशील का झेरॉक्स? लावशील त्या फळ्यावर?”

  त्यांना माझे उत्तर असे. या जबाबाची नक्कल मिळावी असा अर्ज मी सोबत देत आहे. अर्जातील ‘कारण’ या रकान्यात ‘लासलगाव येथे फळ्यावर लावण्यासाठी’ असे लिहिले आहे. ते कारण बसत नाही, ‘वैयक्तिक कामासाठी’ असे लिहा, असे मला सांगण्यात आले. मी बदललेले नाही.

आबांचे वरील बोलणे या जबाबात घ्यावे अशी विनंती मी केली. ते घेतले आहे. त्यांनी माझी गाडी फोडली व माझा हात जखमी केला, याबद्दल माझी त्यांच्याविरुद्ध फिर्याद कायम आहे. ती मागे घेणार का असे मला दोन वेळा विचारण्यात आले. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. दुसऱ्या वेळी आबा बाकावरून म्हणाले, “नगं घेऊ मागं. मला बी तुझे उपकार नगंत.”

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला गेला आहे. शेवटपर्यंत वाचलेला मी ऐकला, दारातून हिरामण सांगळे यांनीही ऐकला. आकडे मी स्वतः पुन्हा बेरीज करून तपासले. ते बरोबर आहेत. डावा हात बांधलेला असल्याने कागद हवालदारांनी धरला व मी उजव्या हाताने खाली सही केली.

सही
गोरक्ष किसन देवरे